एका गिटारवादकाची शाळा

गवई मास्तर झाला म्हणजे त्याचा गळा बसला असें समजावें, ही समजूत आपल्याकडे बरीच जुनी आहे. ज्याला मैफल मिळत नाहीं तो शिकवण्या धरतो, असें लोक बोलतात; आणि सारा जन्म खडू झिजविण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्याला तें ऐकून वाईट वाटलें, तरी त्यांत मुळींच तथ्य नाहीं असें छातीवर हात ठेवून सांगतां येणार नाहीं. परंतु आज ज्या गृहस्थांची हकीकत मी श्रोत्यांपुढें ठेवणार आहें, त्यांच्या बाबतींत ही समजूत साफ खोटी ठरते. रॉबर्ट फ्रिप हें त्यांचें नांव. रॉक नांवाचा जो संगीतप्रकार पाश्चात्य देशांत रूढ झाला, त्यांतील ते एक अग्रगण्य गिटारवादक. नांव, मागणी, श्रोते, सर्व कांहीं पदरीं असतां, वयाचें एकोणचाळिसावें वर्ष चालू असतांना त्यांनीं शिकविण्यास आरंभ केला. आणि तोहि अशा रीतीनें कीं, त्यांच्याकडे येणाऱ्या कसलेल्या वादकालाहि पहिल्या दिवशीं सा रे ग म पासूनच सुरुवात करावी लागे. त्यांनीं असें कां केलें आणि त्यांतून काय निष्पन्न झालें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

रॉक हें नांव कानीं पडतांच पुष्कळ घरांतील वडील मंडळी दार लोटून घेतात. मीहि लोटून घेत असें. माझा नातू शेजारच्या खोलींत जें वाजवी तें मला वर्षभर केवळ गोंगाट वाटे. एके दिवशीं त्यानें मला तें वाद्य उलटेंसुलटें करून दाखविलें, तेव्हां माझ्यांतला मास्तर जागा झाला. साध्या गिटारीचा नाद तिच्या लांकडी पोटांत घुमून बाहेर येतो. विजेच्या गिटारीला असें पोट बहुधा नसतें. तिच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक आणि त्यांच्याभोवतीं अत्यंत बारीक तारेचीं वेटोळीं बसविलेलीं असतात. वरची तार हलली कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, आणि ती वीज यंत्रांतून वाढून कर्ण्यावाटे नाद होऊन बाहेर पडते. अमेरिकेंत १९५० नंतरच्या दशकांत कृष्णवर्णीयांच्या आणि गोऱ्या खेडुतांच्या गाण्यांतून जें नवें ठसक्याचें संगीत निघालें, त्यानें हें वाद्य उचललें. तेथून तें इंग्लंडांतल्या मुलांच्या हातीं आलें, आणि त्या मुलांपैकीं एक म्हणजे आपला हा रॉबर्ट.

त्याचा जन्म १६ मे १९४६ रोजीं, दक्षिण इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यांत, विंबोर्न या लहानशा गांवीं झाला. आईचें माहेर वेल्समधील कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या माणसांचें. वडील घरांच्या व जमिनींच्या खरेदीविक्रीचा धंदा करीत. १९५७ च्या नाताळांत आईबापांनीं मुलाला एक गिटार आणून दिली. मुलगा जात्या डावरा होता, तरी त्यानें गिटार उजव्या हाताच्या माणसाप्रमाणेंच धरली. याहून मोठी अडचण निराळीच होती. फ्रिप यांनीं पुढें अनेकदां सांगितलें आहे कीं, आपल्याला उपजत स्वरज्ञानहि नव्हतें आणि लयीची जाणहि नव्हती. ज्याच्यापाशीं या दोन्ही गोष्टी नाहींत, त्याच्या मागें संगीतानें लागावें कशाला, हा प्रश्न त्या वयापासून त्यांच्या मनांत घर करून राहिला, आणि माझ्या मतें त्यांच्या पुढच्या सर्व शिक्षणकार्याचें बीज याच प्रश्नांत आहे.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. मी ज्या शाळेंत होतों तेथें वार्षिक समारंभासाठीं मुलांकडून स्वागतगीत बसवून घेण्याचें काम एके वर्षीं माझ्याकडे आलें. त्यांत एक मुलगा हटकून स्वर सोडी. मीं त्याला सांगितलें, "तूं नुसते ओठ हालव, आवाज काढूं नकोस." समारंभ उत्तम झाला. मुलगाहि कांहीं बोलला नाहीं. त्यानें आज्ञेप्रमाणें ओठ हालविले. पुढें तो कधीं गायला कीं नाहीं हें मला ठाऊक नाहीं. फ्रिप यांची बालपणाची हकीकत वाचीत असतां मला त्या मुलाची आठवण झाली आणि पुस्तक मिटून कांहीं वेळ बसून राहावें लागलें.

रॉबर्टला ओठ हालवावयास सांगणारा कोणी भेटला नाहीं. डॉन स्ट्राइक नांवाच्या एका जुन्या वळणाच्या वादकाकडे त्याचे धडे झाले. अकराव्या वर्षीं रॉक, तेराव्या वर्षीं जुन्या पद्धतीचें जाझ, पंधराव्या वर्षीं नवें जाझ, असा त्याचा ओढा बदलत गेला. स्वराची जी देणगी निसर्गानें दिली नव्हती ती त्यानें घोटून घोटून मिळविली. शाळा सुटल्यावर तो वडिलांच्या पेढीवर कामाला लागला. पुढें बोर्नमथ येथील महाविद्यालयांत अर्थशास्त्र व इतिहास हे विषय घेतले आणि त्याच शहरांतील मॅजेस्टिक हॉटेलांत नाचाच्या वेळीं वाजविणाऱ्या वाद्यवृंदांत पोटापुरतें काम केलें. नाचणाऱ्यांच्या पायाला ताल मिळाला पाहिजे, जेवणाऱ्यांच्या संभाषणाला अडथळा होतां कामा नये, अशा बेतानें वाजविणें ही कमी शिस्त नव्हे.

१९६७ सालीं जाइल्स आडनांवाचे दोन भाऊ गाणारा ऑर्गनवादक हवा म्हणून शोधांत होते. फ्रिप यांना गातां येत नव्हतें आणि ऑर्गनहि वाजवितां येत नव्हता. तरी ते गेले, आणि घेतलेहि गेले! या तिघांची एक ध्वनिमुद्रिका १९६८ सालीं निघाली आणि कोणाच्या फारशी लक्षांत न येतां पडून राहिली. त्या अपयशांतून जी नवी मंडळी उभी राहिली तिचें नांव किंग क्रिमसन. १३ जानेवारी १९६९ रोजीं लंडनमध्यें एका उपाहारगृहाच्या तळघरांत तिची पहिली तालीम झाली. ५ जुलैला हाइड पार्कमध्यें रोलिंग स्टोन्स या विख्यात मंडळीच्या मोफत जलशांत लाखोंच्या समुदायासमोर ती वाजली. आणि ऑक्टोबरांत तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघून इंग्लंडांतील खपाच्या यादींत पांचव्या क्रमांकावर जाऊन बसली. सहा महिन्यांत तळघरांतून हाइड पार्क! तिच्यांतील पहिल्याच गीतांत एक जागा अशी आहे कीं, सर्व वाद्यें एकदम अतिवेगानें धांवतात, मध्येंच एका क्षणीं सर्व थबकतात, आणि पुन्हां एकाच श्वासांत धांवूं लागतात. आपल्याकडील तिहाईवर जसा सबंध श्रोतृवृंद माना डोलावतो तसा येथें श्रोता दचकतो. रॉकमध्यें एवढा रेखीवपणा त्या वेळीं नवीन होता.

आणखी एक बारीक गोष्ट. रॉकचा वादक म्हटला कीं तो उभा राहून, अंग घुसळीत वाजविणार, हा संकेत ठरलेला. फ्रिप मात्र स्टुलावर बसून वाजवीत. लोकांनीं त्यांची थट्टा केली, पण ते बसूनच राहिले. बसल्याशिवाय आपले हात आपल्या ताब्यांत राहत नाहींत, असा त्यांचा अनुभव होता.

मंडळीला यश मिळालें, परंतु स्वास्थ्य मिळालें नाहीं. पहिलें वर्ष संपण्यापूर्वींच, अमेरिकेच्या दौऱ्यांत, दोघां सहकाऱ्यांनीं सोडून जाण्याचें ठरविलें. पुढील पांच वर्षें माणसें येत राहिलीं, जात राहिलीं. कायम राहिले ते एक फ्रिप. अशा रीतीनें १९७४ उजाडलें. या वर्षीं मंडळीचें वादन, जाणत्यांच्या मतें, कळसास पोंचलें होतें. आणि याच वर्षाच्या सप्टेंबरांत फ्रिप यांनीं जाहीर केलें कीं, किंग क्रिमसन यापुढें अस्तित्वांत नाहीं. शेवटची ध्वनिमुद्रिका बाजारांत येण्यापूर्वींच ती वाजविणारी मंडळी संपली होती. ज्या धंद्यांत चालती गाडी कोणी थांबवीत नाहीं त्या धंद्यांत हें वेडेपणाचें ठरलें.

या वेडेपणाला एक कारण होतें. जॉन बेनेट या इंग्रज गृहस्थांचें लेखन त्या सुमारास त्यांच्या वाचनांत आलें होतें. बेनेट हे पहिल्या महायुद्धानंतर कॉन्स्टॅंटिनोपल येथें इंग्रज लष्कराच्या गुप्तवार्ता खात्यांत अधिकारी होते; तेथें त्यांची गाठ गुर्जिएफ नांवाच्या, आर्मेनियांत जन्मलेल्या एका विलक्षण उपदेशकाशीं पडली. माणूस बहुतेक वेळ झोपेंतल्यासारखा, सवयीच्या ओघांत वागतो, त्याला जागें करावयाचें तर शरीर, भावना व बुद्धि या तिहींना एकदम कामाला लावलें पाहिजे, अशी गुर्जिएफ यांची थोडक्यांत शिकवण. बेनेट यांनीं १९७१ सालीं ग्लॉस्टरशरमधील शेरबोर्न हाउस या मोठ्या जुन्या वाड्यांत दहा महिन्यांच्या निवासी अभ्यासक्रमाची शाळा काढली. १९७४ च्या डिसेंबरांत बेनेट वारले. पुढच्या वर्षीं फ्रिप त्या शाळेंत विद्यार्थी म्हणून दाखल झाले तेव्हां मूळ गुरु हयात नव्हते. होती ती त्यांनीं घालून दिलेली दिनचर्या.

या मुक्कामाचें वर्णन फ्रिप यांनीं सुखाचें असें कधीं केलें नाहीं. वाडा थंडगार. पहाटे उठावयाचें, मौन धरून बसावयाचें, मग पाळीप्रमाणें स्वयंपाकघर, बाग, झाडलोट. दुपारीं गुर्जिएफ यांनीं बसविलेलीं नृत्यें: डोकें एका गतीनें, हात दुसऱ्या, पाय तिसऱ्या. ज्याच्यासाठीं हजारों लोक तिकिटें काढीत असत तो माणूस येथें भाजी चिरीत होता. मला यांत नवल वाटत नाहीं. गुरूघरीं पाणी भरल्याच्या आणि लांकडें फोडल्याच्या कथा आपल्या गवयांच्या चरित्रांतून आपण सर्वांनींच ऐकल्या आहेत. नवल वाटतें तें हें कीं, आपल्याकडे तीं कामें विद्या मिळविण्याची किंमत म्हणून करावयाचीं असत, आणि येथें तीं कामें हीच विद्या होती. भाजी चिरतांना लक्ष भाजीवर आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें.

दहा महिन्यांनीं फ्रिप बाहेर पडले आणि हळूहळू धंद्यांत परतले. त्या काळांतील सर्व कामांची यादी देण्यांत हशील नाहीं. डेव्हिड बोवी यांच्या १९७७ च्या ध्वनिमुद्रिकेसाठीं त्यांनीं बर्लिनला जाऊन जे लांबलांब, न तुटणारे स्वर वाजविले ते आजहि ऐकले जातात. ब्रायन ईनो यांच्या सहवासांत त्यांनीं पूर्वींच एक युक्ति साधली होती: ध्वनिफितीचीं दोन यंत्रें शेजारीं ठेवून एकच फीत दोहोंतून न्यावयाची, पहिल्यावर जें उमटलें तें कांहीं सेकंदांनीं दुसऱ्यावर वाजतें आणि पुन्हां पहिल्याकडे धाडलें जातें. अशा रीतीनें एकटा वादक स्वतःच्याच मागच्या स्वरांशीं संवाद करूं शकतो. १९७९ सालीं ही यंत्रें घेऊन ते मोठीं नाट्यगृहें टाळून लहान सभागृहांतून आणि रेकॉर्डांच्या दुकानांतूनहि वाजवीत हिंडले. १९८१ सालीं नव्या माणसांसह किंग क्रिमसन पुन्हां उभी राहिली. त्या वर्षींच्या ध्वनिमुद्रिकेचें नांव "डिसिप्लिन", म्हणजे शिस्त. दोन गिटारी निरनिराळ्या लांबीचीं आवर्तनें वाजवीत सुटतात, एकमेकींपासून दूर जातात आणि बऱ्याच वेळानें पुन्हां समेवर भेटतात; जावा-बालीकडील धातूच्या वाद्यांच्या वृंदवादनाचा हा संस्कार. १९८४ सालीं ही मंडळीहि थांबली.

आतां मुख्य विषयाकडे येतों. अमेरिकेंत वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांत चार्ल्स टाउन गांवाजवळ क्लेमाँट कोर्ट नांवाचा एक वाडा आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पुतण्याच्या मुलानें तो १८२० सालीं बांधला. बेनेट यांच्या अनुयायांनीं पुढें हा वाडा आपल्या कार्यासाठीं घेतला. त्यांनीं फ्रिप यांना गिटार शिकविण्याची विनंति केली. फ्रिप यांनीं आधीं नकार दिला, मग होकार दिला, आणि १९८५ च्या मार्चांत तेथें पहिला वर्ग भरला. हा आठवड्याहूनहि कमी मुदतीचा निवासी वर्ग होता. नांव ठेवलें "गिटार क्राफ्ट". क्राफ्ट म्हणजे कारागिरी, हातोटी. कला हा शब्द त्यांनीं मुद्दाम टाळला असें मला वाटतें. कला येते कीं नाहीं हें कोणाच्या हातीं नसतें. कारागिरी शिकवितां येते.

येणाऱ्यांत पुष्कळसे वर्षानुवर्षें वाजविणारे होते. फ्रिप यांच्यासारखें वेगानें वाजवितां यावें, अशी त्यांची इच्छा. त्यांच्यापुढें फ्रिप यांनीं पहिलीच गोष्ट अशी ठेवली कीं तिनें सर्वांचे हात एकाच वेळीं रिकामे झाले: गिटारीचे स्वर जुळविण्याची रीतिच त्यांनीं बदलली.

हें थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. रूढ पद्धतींत गिटारीच्या सहा तारा जाडीकडून बारीकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर प्रत्येक तार मागच्या तारेच्या मध्यमांत असते. मात्र चौथी व पांचवी यांच्यामध्यें एकदम गांधाराचें अंतर येतें, आणि या एका खोडीमुळें सर्व बोटांचा हिशेब तेथें मोडतो. शेंकडों वर्षांच्या वहिवाटीनें ती खोड अंगवळणीं पडली आहे. १९८३ च्या सप्टेंबरांत, न्यूयॉर्क शहरीं एका वाफेच्या स्नानगृहांत बसले असतां, फ्रिप यांना नवी जुळणी सुचली: सी, जी, डी, ए, ई, आणि वर जी. म्हणजे खालच्या पांच तारा षड्जपंचमभावांत. श्रोत्यांपैकीं कोणी घरीं व्हायोलिन वाजवीत असतील तर त्यांच्या लक्षांत येईल कीं, यांतल्या पहिल्या चार तारा म्हणजे चेलो, आणि दुसरीपासूनच्या चार म्हणजे एक सप्तक खालचें व्हायोलिन! मूळ बेत सर्वच तारा पंचमांत लावण्याचा होता. पण सर्वांत बारीक तार तेवढी चढेना. एक स्वर खालीं घेतली, तरी तुटूं लागली. अखेर आणखी एक स्वर उतरवून ती जी वर ठेवली, आणि तेथें काम भागलें. कल्पना स्वर्गांतून आली तरी तारेचा पोलाद आपला कायदा सोडीत नाहीं.

या जुळणीनें वाद्याची झेप वाढली, खर्ज खोल झाला, हें खरेंच. पण शिक्षकाच्या दृष्टीनें तिचा उपयोग दुसराच आहे. वीस वर्षें वाजविलेल्या माणसाच्या बोटांत जें साठलेलें असतें तें या तारांवर एका क्षणांत निरुपयोगी होतें. हात सवयीनें जेथें जातो तेथें भलताच स्वर निघतो. मग बोट ठेवण्यापूर्वीं विचार करावा लागतो. जाणता आणि नेणता एकाच बाकावर येतात. मी चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग हांकले आहेत. त्यांत पहिल्या बाकावरचें मूल उत्तर देण्याची घाई करतें आणि शेवटच्या बाकावरचें तोंड लपवितें. ही उतरंड मोडण्यासाठीं आम्हांला काय काय करावें लागे आणि तें किती थोडें साधे! या गृहस्थांनीं सहा खुंट्या पिळून ती मोडली.

दुसरी गोष्ट, वाद्य विजेचें नव्हे. ज्यांचें नांव विजेच्या गिटारीवर झालें त्यांनीं शिकविण्यासाठीं साधी, पोलादी तारांची गिटार निवडली. तीहि उथळ पाठीची, म्हणजे उजवा हात सहज टेकावा. यंत्रानें मोठा केलेला नाद नाहीं, झांकावयास कांहीं नाहीं. बोट चुकलें तर चुकलेलें ऐकूं येणार. प्रथम बसावें कसें, पाठ, खांदा, मान कोठें आखडते, हें पाहण्यांतच बराच वेळ जाई. अंगाच्या ठेवणीचा जो अभ्यास पाश्चात्यांत अलेक्झांडर यांच्या नांवानें ओळखला जातो त्याचे शिक्षक वर्गांत असत. मग उजव्या हातांतील नखीचा एकेक आघात, वर आणि खालीं, अत्यंत संथ. डाव्या हाताचीं बोटें दाबावयास लागते त्याहून अधिक जोर लावीत आहेत कां, एवढेंच पाहण्याचे पलटे. आपल्याकडे पहाटे उठून खर्ज भरणारा विद्यार्थी हें लगेच ओळखील. सकाळीं न्याहारीपूर्वीं अर्धा तास मौन. भोजन सामुदायिक, आणि स्वयंपाकघरांतील पाळी कोणाला चुकली नाहीं.

आणि मग वर्तुळ. सर्वांनीं गोलाकार बसावयाचें. एकानें एकच स्वर वाजवावयाचा; त्याच्या शेजाऱ्यानें पुढचा; त्याच्या शेजाऱ्यानें त्यापुढचा; असा स्वर वर्तुळांत फिरत राहतो. ऐकावयास सोपें वाटतें. परंतु ज्यानें आयुष्यभर एका दमांत शंभर स्वर फेंकले त्याला आतां वीस जणांमागें एक स्वर वाट्याला येतो, आणि तो वेळेवर, मागच्याच्या तोलाचा, पुढच्यासाठीं जागा ठेवून वाजवावयाचा असतो. आधीं वाजविला तर साखळी तुटते, उशीर झाला तरी तुटते. आपली पाळी नसतांना काय करावयाचें? ऐकावयाचें. कांहीं वेळानें असें होतें म्हणतात कीं, चाल कोण वाजवीत आहे हें सांगतां येत नाहीं. ती वर्तुळांत फिरत आहे एवढेंच कळतें. हा प्रकार मीं ध्वनिमुद्रणांत ऐकला, दोनदां ऐकला. पहिल्यानें मला तो एक खेळ वाटला. दुसऱ्यानें ऐकतांना मी त्या वर्तुळांत कोठें तरी तो ओठ हालविणारा मुलगा बसवून पाहत होतों. त्याला एकच स्वर द्यावयाचा होता. एक स्वर तर त्याला लागलाच असता.

वर्गाला चार-सहा दिवस झाले न झाले तोंच जवळच्या गांवांतील एखाद्या उपाहारगृहांत जाऊन वाजविण्याचें फर्मान निघे. तयारी अपुरी असे, हें शिकविणाऱ्यालाहि ठाऊक असे. तेथें जेवावयास आलेल्या माणसांना गिटार क्राफ्टशीं कांहीं देणेंघेणें नसतें. त्यांच्यापुढें चुकावें लागतें, आणि चुकून पुढें जावें लागतें. परीक्षा घ्यावयाची तर अशी घ्यावी. या विद्यार्थ्यांची जी मंडळी फ्रिप यांच्यासह जाहीर कार्यक्रम करूं लागली तिची पहिली ध्वनिमुद्रिका १९८६ सालीं निघाली.

या शाळेवर आक्षेप आले नाहींत असें नाहीं, आणि ते सर्वच पोरकट नव्हते. मौन, सूत्रवजा वचनें, गुरूभोवतीं गोल बसलेले शिष्य, हें पाहून कोणाला पंथाचा वास आला तर त्याला दोष देतां येत नाहीं. फ्रिप यांचा स्वभाव करडा. छायाचित्र काढणाऱ्या श्रोत्यावर रागावून रंगमंच सोडून जाण्याइतका करडा. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत बहुतेक संगीत गुरूच्याच वळणाचें आहे. तीच गुंतागुंतीचीं आवर्तनें, तीच धांव. घराण्यांतील पहिल्या पिढीला हा रोग होतोच; आपल्याकडेहि गुरूची खोकण्याची लकब उचलणारे शिष्य झाले आहेत. प्रश्न पुढच्या पिढीचा असतो.

तिकडे पाहूं गेलें तर समाधान वाटतें. या वर्गांतून तीन विद्यार्थी एकत्र आले: एक अमेरिकेंतील सॉल्ट लेक सिटीचा, एक बेल्जियमचा, एक जपानचा. पॉल रिचर्ड्स, बर्ट लाम्स आणि हिदेयो मोरिया. १९९१ सालीं त्यांनीं कॅलिफोर्निया गिटार ट्रायो स्थापन केलें, आणि बाखपासून समुद्रकांठच्या नाचऱ्या चालींपर्यंत सर्व कांहीं तीन साध्या गिटारींवर, त्या नव्या जुळणींत, आपल्या खुशीनें वाजविलें. त्यांच्या वाजविण्यांत विनोद आहे. तो गुरूकडून आलेला दिसत नाहीं. ट्रे गन हा दुसरा विद्यार्थी पुढें किंग क्रिमसनमध्यें फ्रिप यांच्याच शेजारीं बसून कित्येक वर्षें वाजवीत होता. अमेरिकेंत सिअॅटल शहरीं, दक्षिण अमेरिकेंत अर्जेंटिनांत, युरोपांत ठिकठिकाणीं जुन्या विद्यार्थ्यांनीं आपापलीं वर्तुळें काढलीं आणि तेथें शिकविणारे दुसरेच झाले.

मधल्या काळांत फ्रिप यांचा पुष्कळसा वेळ व शक्ति एका निराळ्याच भांडणांत खर्च झाली. आपल्याच वाजविलेल्या संगीताचे हक्क व त्याचा मोबदला यांसाठीं जुन्या व्यवस्थापकांशीं त्यांना वर्षानुवर्षें झगडावें लागलें. त्यांतूनच १९९२ सालीं त्यांनीं स्वतःची ध्वनिमुद्रणसंस्था काढली. कायदेशीर कागदांचे गठ्ठे वाचीत असतांहि वर्ग चालूच होते.

आणि १९८५ पासून बरोबर पंचवीस वर्षांनीं, २०१० च्या मार्चांत, गिटार क्राफ्ट बंद झाल्याचें फ्रिप यांनीं जाहीर केलें. शाळा बुडाली नव्हती, विद्यार्थी आटले नव्हते. एका कामाची मुदत पुरी झाली, एवढेंच. आमच्या बाजूला संस्था चालविणाऱ्यांना हें समजणें कठीण जाईल. आम्ही हेतु संपल्यावरहि फलक रंगवून घेत असतों. काम मात्र संपलें नाहीं. "गिटार सर्कल" या नांवानें तें पुढें चालू राहिलें, कोठें चाळीस तर कोठें याहूनहि अधिक गिटारी एका दालनांत गोल बसूं लागल्या, आणि २०२२ सालीं फ्रिप यांनीं या सर्व अनुभवाचें एक जाडजूड पुस्तक त्याच नांवानें प्रसिद्ध केलें.

किंग क्रिमसननें आपला शेवटचा दौरा जपानांत केला. ८ डिसेंबर २०२१ रोजीं टोकियोच्या एका सभागृहांत तिचें अखेरचें वादन झालें. त्याच्या आदल्या वर्षीं, साथीमुळें सारें जग दारें लावून बसलें असतां, फ्रिप आणि त्यांची गायिका पत्नी टोया विलकॉक्स यांनीं आपल्या स्वयंपाकघरांतून दर रविवारीं छोटे छोटे गंमतीचे चित्रपट लोकांस दाखविण्यास सुरुवात केली होती. त्यांत हा पंचाहत्तरीकडे झुकलेला करडा मास्तर पत्नीच्या सांगण्यावरून चित्रविचित्र पोशाख करतो आणि नाचण्याचे धडे घेतो. त्याला नाचतां येत नाहीं. ती एकेक पाऊल दाखविते, तो चुकतो, ती हंसते, आणि तो पुन्हां पहिल्या पावलापासून सुरुवात करतो.